बिघाड सावरता येतो का: फार्मसी प्रॅक्टिकल परीक्षेच्या फेररचनेच्या प्रकल्प नोंदी

९ जून

कामाला सुरुवात झाली. आम्ही चौघं: डिस्पेन्सिंगच्या मॅडम, क्लिनिकल फार्मसीच्या मॅडम, फार्मॅकॉलॉजीचे सर आणि मी. तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा नव्याने बांधायची आहे. आज गुणपत्रिका समोर ठेवली आणि प्रत्येक गुणाला एकच प्रश्न विचारला: हा गुण परीक्षकाने काय बघून दिला?

सिनॉप्सिसचे, म्हणजे छोट्या लेखी उत्तरांचे, गुण कागद बघून दिलेले. जर्नलचे, म्हणजे प्रयोगवहीचे, आणि डोसच्या गणिताचेही तसेच. तयार झालेल्या औषधाचे गुण बाटली बघून, तेही अगदी शेवटी. व्हायवाचे गुण उत्तर ऐकून, पण प्रश्न वर्षानुवर्षं तेच. विद्यार्थी काम करत असताना शेजारी उभं राहून द्यायचे गुण शोधले, तर ते नावापुरतेच होते. परीक्षक कमी आणि बॅच मोठी, त्यामुळे ही सवय जुनीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तिचा पायाच गेला, कारण कागदावर जे मागतो ते सगळं आता मिनिटभरात तयार मिळतं, आणि चांगलं मिळतं.

१२ जून

डिस्पेन्सिंगच्या मॅडमनी कपाटातून मागच्या बॅचच्या इमल्शनच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेल्या औषधाच्या, बाटल्या काढल्या आणि त्याच मुलांची जर्नलं शेजारी उघडून ठेवली. एका बाटलीत तेल वर सुटलेलं, खाली गढूळ पांढरं पाणी. हलवून पाहिलं, एकजीव होईना. म्हणजे इमल्शन फुटलेलं. दुसरीत वर नुसती साय आलेली, हलवल्यावर पुन्हा मिसळली. ते क्रीमिंग, त्यातून सावरता येतं. दोन्ही जर्नलांत निरीक्षण मात्र शब्दशः एकाच वळणाचं: पांढरं, एकसंध, स्थिर इमल्शन मिळालं. फुटलेल्या बाटलीच्या लेबलावर मॅडमनी त्याच दिवशी पेन्सिलीने "फुटलं" असं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे नंतर फुटलं असेल हा बचावही उरत नाही.

सरांनी एआयला याच प्रयोगाचं निरीक्षण लिहायला सांगितलं. तेच वाक्य आलं. पुस्तकाप्रमाणे जे व्हायला हवं ते त्याने लिहिलं. विद्यार्थ्याने आपल्या खलात काय झालं ते लिहायचं होतं, आणि ते कुणी मागितलंच नव्हतं. स्थिर इमल्शनला गुण आणि फुटलेल्याला शून्य असं असेल, तर फुटलं असं कोण लिहील?

जर्नल उतरवून काढणं एआयच्या आधीही होतंच. पण तेव्हा सीनियरच्या वहीतली चूक जशीच्या तशी उतरायची आणि सापडायची. आता ती खूणही राहत नाही.

१३ जून

एआयचं लिखाण ओळखणारी सॉफ्टवेअर वापरावीत का, यावर चर्चा. नाही असं ठरलं. ओपनएआयने स्वतःचंच ओळख-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचं स्वतःचं लिखाण अशी साधनं यंत्राचं ठरवतात, हेही त्याच वर्षी अभ्यासातून पुढे आलं. आपली मुलं जर्नल इंग्रजीत लिहितात. मेहनतीने लिहिलेल्या मुलीवर संशय घेऊन तिला पुरावा मागायचा, हे मला करायचं नाही. शिवाय प्रश्न कागद कुणी लिहिला हा नाहीच. कागदावरून कौशल्य ठरवायचं की नाही, हा आहे.

१८ जून

वाचन. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या पिरॅमिडच्या चार पायऱ्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. आपली परीक्षा नावाने तिसऱ्या पायरीची, गुण मात्र बहुतांश पहिल्या दोन पायऱ्यांचे. एआय नेमकं त्या दोन पायऱ्यांवर पटाईत आहे.

तिसऱ्या पायरीसाठी रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये डंडीहून मांडलेली ऑस्की पद्धत आहेच. ठरावीक मिनिटांची स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर एक काम, सगळ्यांना तेच काम, समोर परीक्षक आणि आधी ठरवलेले निकष. वैद्यकीय शिक्षणात ती रुळून गेली आहे. आपण सांगाडा तिचाच घेणार.

पण सांगाडा घेऊन भागणार नाही. ऑस्कीची चेकलिस्टसुद्धा पाठ करता येते, आणि एआयकडे मागितली तर पायऱ्यांसकट मिळते. माझं मत आज बैठकीत मांडलं: सगळं सुरळीत चाललं असताना चांगला आणि पाठांतरवाला सारखेच दिसतात. फरक दिसतो तो काहीतरी बिनसल्यावर. म्हणून प्रत्येक स्टेशनमध्ये आपण एक बिघाड पेरायचा आणि तो लक्षात येतो का, आल्यावर हात काय करतो, हे बघायचं.

सर म्हणाले, "मुलांना हा सापळा वाटेल." रास्त मुद्दा आहे. म्हणून बिघाड असणार हे मुलांना आधी सांगायचं, कुठला ते सांगायचं नाही. आणि बिघाड रोजच्या कामात होणारा हवा, शोधून काढलेला विचित्र नको.

२४ जून

इमल्शनचं स्टेशन. सुक्या डिंकाच्या पद्धतीत प्राथमिक इमल्शनला तेल, पाणी आणि डिंक यांचं प्रमाण एरंडेलासारख्या स्थिर तेलाला ४:२:१, लिक्विड पॅराफिनसारख्या खनिज तेलाला ३:२:१, उडनशील तेलाला २:२:१. मुलांच्या तोंडात ४:२:१ इतकं बसलेलं असतं की तेल कुठलं हे बघायच्या आधीच हात तराजूकडे जातो. म्हणून प्रिस्क्रिप्शन लिक्विड पॅराफिनचं ठेवलं: ३० मिली तेल. त्याला २० मिली पाणी आणि १० ग्रॅम डिंक लागतो. ४:२:१ धरलं तर १५ मिली आणि ७.५ ग्रॅम येतं, म्हणजे डिंक थेट अडीच ग्रॅमने कमी.

दुसरा बिघाड खलातच: आतून किंचित ओलसर ठेवलेला. ज्याला सुक्या पद्धतीत सुकं कशासाठी हे कळलंय तो बोट फिरवून बघतो आणि पुसून घेतो.

मॅडमनी स्वतः करून दाखवलं. कोरड्या खलात डिंक आणि तेल हलकेच मिसळलं, फार घोटलं नाही. मग मोजलेलं पाणी सगळंच्या सगळं एकदम ओतलं आणि बत्ता एकाच दिशेने झपाझप. थोड्या वेळाने रंग पांढराशुभ्र झाला, घट्टपणा आला आणि बत्त्याखाली चट्चट् असा चिकट आवाज यायला लागला. तो आवाज म्हणजे प्राथमिक इमल्शन जमलं. त्यानंतरच उरलेलं पाणी थोडं थोडं. मग मुद्दाम ओलसर खलात केलं. मिश्रण पातळच राहिलं, तेलकट, पिवळसर झाक, आवाज नाही. मॅडम थांबल्या, म्हणाल्या, "इथे थांबायचं. यात पाणी घालत बसलं की फक्त माल वाढतो, इमल्शन होत नाही. टाकून द्यायचं आणि नव्याने घ्यायचं."

हा थांबण्याचा क्षण आम्हाला तपासायचा आहे. कितीतरी मुलं आवाज आला नाही हे ऐकूनही पुढचं पाणी घालत राहतात, कारण टाकून दिलं तर गुण जातील ही भीती. उद्या हेच मूल औषध बनवायला बसेल तेव्हा बिघडलेलं औषध बाटलीत भरून लेबल लावेल. तेव्हा निकष असा ठरवला: फसलेलं ओळखून, कारण सांगून, टाकून दिलं आणि पुन्हा सुरू केलं तर पूर्ण गुण. दुसऱ्यांदा करण्याइतका वेळ आणि साहित्य स्टेशनवर राखून ठेवायचं.

२७ जून

निर्जंतुक कामाचं स्टेशन. यावर वाद झाला नाही. लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतातल्या टेबलावर, औषधाऐवजी पोषक द्रव घेऊन सगळी कृती करायची आणि बाटल्या १४ दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या. कुठे हात चुकला असेल तर जंतू वाढून द्रव गढूळतो. हे उत्तर एआयकडून लिहून आणता येत नाही. मात्र बाटली स्वच्छ राहिली म्हणजे पद्धत बरोबर होती असंही नाही, नशिबानेही राहते. म्हणून परीक्षक समोर उभा असणार, मुख्यतः एक गोष्ट बघायला: फिल्टरमधून येणारी हवा आणि सुईची जागा यांच्या मधे हात येतो का.

२ जुलै

समुपदेशनाचं स्टेशन. सध्याच्या पद्धतीत विद्यार्थी परीक्षकालाच रुग्ण समजून बोलतो. अलीकडे सगळ्यांची बोलणी एकाच साच्यातली येतात: नमस्कार, माझं नाव, हे औषध, असं घ्या, हे दुष्परिणाम, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, काही शंका आहे का. नीटनेटकं असतं, पण समोर माणूस आहे याची जाणीव त्यात कुठेच नसते.

क्लिनिकल मॅडमनी केस लिहिली. साठीतल्या बाई, संधिवात, मेथोट्रेक्सेट पुन्हा घ्यायला आल्या आहेत. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर अस्थिमज्जेवर घाला घालते, आणि अशा चुकीने माणसं दगावलेली आहेत. प्रिस्क्रिप्शन बरोबर आहे: आठवड्यातून एकदा. केसमधल्या बाई मात्र गेले काही दिवस रोज सकाळी घेताहेत. आपणहून त्या हे सांगणार नाहीत. "कशी घेता?" असं विचारलं तरच सांगतील. "आठवड्यातून एकदा घेता ना?" असं विचारलं तर मान डोलावतील, घरी वडीलधारी माणसं डोलावतात तशीच. बोलण्याच्या ओघात एकदाच म्हणतील, "तोंड आलंय गं, घास गिळवत नाही."

रुग्णाची भूमिका करायला आमच्या निवृत्त लॅब असिस्टंट तयार झाल्या. फार समजून करतात. आज आम्ही दोन विद्यार्थिनींवर चाचणी घेतली.

पहिली सफाईदार. फोलिक अ‍ॅसिडचं सांगितलं, दारू टाळा म्हणाली, रक्ताच्या नियमित तपासण्यांचं सांगितलं. बाईंनी तोंड आल्याचं म्हटलं, तेव्हा तिने "हो, हा दुष्परिणाम होऊ शकतो, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा" असं सांगून पुढचा मुद्दा घेतला. प्रत्येक वाक्य आपल्या जागी बरोबर होतं. गोळ्यांची पिशवी बाईंच्या हातात गेली.

दुसरी अडखळत बोलत होती. फोलिक अ‍ॅसिड विसरली. पण "तोंड आलंय" ऐकल्यावर ती थांबली. "काकू, कधीपासून? आणि गोळी नेमकी कशी घेता, मला सांगता का?" बाई म्हणाल्या, "रोज सकाळी, चहाच्या आधी." तिने पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. ताप आहे का, घसा दुखतो का, कुठे काळेनिळे डाग दिसतात का हे विचारलं. मग म्हणाली, "काकू, ही गोळी आता घ्यायची नाही. मी लगेच डॉक्टरांना फोन लावते, तुम्हाला आजच दाखवायला हवं."

मी खोलीच्या कोपऱ्यात उभा होतो. आमच्या चेकलिस्टप्रमाणे पहिलीचे गुण जास्त होते.

३ जुलै

कालच्या चाचणीवर दिवसभर चर्चा. चेकलिस्ट बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही यावर एकमत. चेकलिस्टवर अनुभवी माणसाला नवख्यापेक्षा कमी गुण पडू शकतात, हे वैद्यकीय शिक्षणातल्या संशोधनात १९९९ सालीच दिसून आलं आहे. जाणकार सरळ महत्त्वाच्या गोष्टीकडे जातो, मधल्या पायऱ्या गाळतो. काल ते डोळ्यांनी पाहिलं.

बदल असा: चेकलिस्ट लहान केली, तिला कमी गुण. परीक्षकाने एकूण कामावर पाच पायऱ्यांत मत द्यायचं आणि का ते एका वाक्यात लिहायचं. आणि प्रत्येक स्टेशनला एक जीवघेणी चूक ठरवायची. ती झाली तर ते स्टेशन नापास, बाकी गुण कितीही असोत. मेथोट्रेक्सेटच्या स्टेशनवर ती चूक म्हणजे रोजचा डोस लक्षात न येता गोळ्या देणं.

एका चुकीवर सगळी परीक्षा नापास करावी का? सरांचं म्हणणं, करावी. माझं आणि क्लिनिकल मॅडमचं म्हणणं, नाही. आठ मिनिटांच्या एका स्टेशनवरून माणूस ठरत नाही, त्या दिवशी कुणाचंही लक्ष चुकू शकतं. शेवटी ठरलं: ते स्टेशन नापास, त्याच धर्तीच्या दुसऱ्या औषधाच्या केसवर पुन्हा संधी. तिथेही तीच चूक झाली तर वर्ष पुढे जाणार नाही. सरांना हे अजून सौम्य वाटतं.

१० जुलै

एआयला परीक्षेतून हाकलायचंच का? ही मुलं नोकरीत जातील तिथे एआय असणार, संगणकाची धोक्याची सूचना तर आत्ताच असते. म्हणून एका स्टेशनवर एआयचं उत्तर हाच मुद्दा केला.

केस: ७८ वर्षांच्या बाई, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर, पायात रक्ताची गुठळी, एनॉक्सापॅरिन द्यायचं आहे. सोबत एआयचं छापील उत्तर. त्यात मूत्रपिंड किती काम करतं ते क्रिएटिनिनवरून काढायचं १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र व्यवस्थित मांडलेलं: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. उत्तर मिनिटाला ३४.४ मिली, म्हणून नेहमीचा डोस, किलोला १ मिग्रॅ दर १२ तासांनी. भाषा ठाम, आकडे सुबक. पण स्त्रियांसाठीचं ०.८५ राहून गेलं आहे. ते लावलं की २९.३ येतात. ३० च्या खाली गेलं की तोच डोस दिवसातून एकदाच द्यायचा असतो. म्हणजे एक गुणाकार राहिला तर बाईंना दिवसाला दुप्पट औषध जातं, तेही रक्त पातळ करणारं.

विद्यार्थ्याने स्वतः हिशेब करायचा, संदर्भग्रंथात डोस बघायचा आणि डॉक्टरांना फोनवर काय सांगणार ते परीक्षकाला बोलून दाखवायचं. शेवटचा भाग महत्त्वाचा. चूक सापडणं आणि ती दुसऱ्याला पटेल अशी, अधिकार न गाजवता सांगणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

जिवंत एआय साधन स्टेशनवर ठेवलं नाही, कारण प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळेल आणि परीक्षा सारखी राहणार नाही. चूक असलेला कागद आम्ही तयार केला आहे. काही कागद पूर्ण बरोबर उत्तराचेही ठेवले. दर वेळी चूक असतेच असं मुलांना कळलं, तर ती तपासणार नाहीत, नुसती शोधतील. बरोबर उत्तराला "तपासलं, बरोबर आहे, या कारणाने" असं म्हणता येणं हेही तितकंच अवघड आहे.

२२ जुलै

परीक्षकांचं प्रशिक्षण. मुलांची परवानगी घेऊन केलेलं इन्हेलर स्टेशनचं एक चित्रण सगळ्यांना दाखवलं. त्यात रुग्णाकडे दोन इन्हेलर आहेत, एक दाबून फवारा येणारा आणि एक कोरड्या पावडरीचा, आणि रुग्ण दोन्ही सारखेच ओढतो. फवाऱ्याला श्वास संथ आणि खोल लागतो, पावडरीला जोरात आणि खोल. विद्यार्थ्याने स्वतः फार छान करून दाखवलं, पण रुग्णाला "तुम्ही करून दाखवा" म्हटलं नाही.

एका परीक्षकाने उत्तीर्ण केलं, दुसऱ्यांनी नापास. दोघांनीही कारणं लिहिली होती, म्हणून बोलता आलं. पहिल्यांचं म्हणणं, त्याला तंत्र येतं. दुसऱ्यांचं म्हणणं, आपण त्याचं नाही, रुग्णाचं तंत्र बघतोय. चर्चेनंतर स्टेशनच्या सूचनेतच हे वाक्य घातलं: रुग्ण जाताना इन्हेलर बरोबर वापरू शकतो का, यावर मत द्या. उत्तीर्णतेची रेषाही आधीच चाळीस-पन्नास टक्के अशी आखायची नाही. परीक्षकांनी ज्यांना काठावरचे म्हटलं, त्यांचे गुण बघून प्रत्येक स्टेशनची रेषा ठरवायची.

२३ जुलै

छोटे निर्णय. फोन आणि स्मार्ट घड्याळं बाहेर. सकाळची बॅच दुपारच्या बॅचला सांगणार हे गृहीत धरून प्रत्येक स्टेशनचे बिघाड बदलते ठेवले. चित्रणावरून एआयने गुण देण्याची सूचना आली होती, ती घेतली नाही. मुलांचे चेहरे आणि आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचे नाहीत, आणि नापास करणाऱ्याने विद्यार्थ्यासमोर बसून कारण सांगितलं पाहिजे. सरावासाठी मात्र मुलांनी एआयला रुग्ण बनवून हवं तेवढं बोलावं. चिडका, घाईतला, कमी ऐकू येणारा रुग्ण त्यांना तिथे रात्रीही भेटू शकतो.

४ ऑगस्ट

जर्नलचं नवं रूप ठरलं आणि सुरूही झालं. तत्त्व आणि कृती लिहायची नाही, छापील देऊ. काम चालू असताना टेबलावरच हाताने नोंद करायची: काय घेतलं, किती वजन आलं, काय वेगळं दिसलं, मग काय केलं. शिक्षक त्याच तासाला सही करणार. खाडाखोड चालेल, एक रेघ मारून, खालचं वाचता आलं पाहिजे. गुण "काय वेगळं दिसलं" या रकान्याला सर्वात जास्त. पहिल्या आठवड्यात तो बहुतेकांनी कोरा सोडला किंवा "काही नाही" लिहिलं. आज एका मुलाच्या वहीत होतं: "आवाज आला नाही. मिश्रण तेलकट. मेजरिंग सिलिंडर ओला होता असं वाटतं. टाकलं. दुसरा सिलिंडर पुसून घेतला. आवाज आला." मॅडमनी सही करून शेजारी पूर्ण गुण लिहिले.

१२ ऑगस्ट

अभ्यासमंडळापुढे मांडणी झाली. स्टेशनांना मान्यता मिळाली, जीवघेण्या चुकीच्या नियमालाही. हरकत एकच आली: माणूसबळ. प्रत्येक स्टेशनला एक परीक्षक म्हणजे सध्याच्या तिप्पट माणसं लागतात, हे खरं आहे आणि त्याला आडवाट नाही. बघायचं असेल तर बघणारा माणूस लागतो. तडजोड म्हणून सगळं एका दिवशी न घेता सत्रभर वाटून घेणार, आणि पहिल्या वर्षी मेथोट्रेक्सेट, इमल्शन आणि एआयचं उत्तर ही तीनच स्टेशनं गुणांसाठी, बाकीची सरावाला.

पुढची कामं: मेथोट्रेक्सेटला जोड म्हणून दुसरी केस क्लिनिकल मॅडम लिहीत आहेत. रुग्णाच्या भूमिकेसाठी आणखी माणसं हवीत, शक्यतो वेगवेगळ्या बोलीची. एनॉक्सापॅरिनचे कागद सर पुन्हा तपासणार, बरोबर उत्तराचेसुद्धा. इमल्शनच्या स्टेशनसाठी डिंक आणि पॅराफिनची मागणी, प्रत्येक मुलाला इमल्शन दोन वेळा करता येईल या हिशेबाने, उद्या स्टोअरला द्यायची आहे.